उन्हाळ्यात गोल्फच्या फेअरवेला पाणी देणे थांबवावे काय?

माळरान

एप्रिल आणि मे महिन्यांत फेअरवेला, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून भोकापर्यंतच्या गवताच्या पट्ट्यांना, पाणी देणे थांबवावे, असा प्रस्ताव मी आमच्या क्लबाच्या सभेत मांडला आणि तो हशात बुडाला, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १० हजार लिटर ओतणे. अठरा होलच्या मैदानातील सगळी ग्रीन (भोकाभोवतालची आखूड हिरवळ) मिळून जेमतेम एक हेक्टर भरतात, तर आमचे फेअरवे बारा हेक्टरांच्या आसपास आहेत. दिवसाला ५ मिलिमीटर धरले, तर ग्रीनना ५० हजार लिटर पुरतात आणि फेअरवे मात्र ६ लाख लिटर पितात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले होते. तेव्हाही आमचे फेअरवे हिरवेगार होते, हे आठवले की आजही अवघडल्यासारखे होते.

आपले फेअरवे म्हणजे शेवटी हरळीच. ती उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, मरत नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानाचे फेअरवे कोरड्या उन्हाळ्यात तपकिरी पडतात आणि त्यावर जगातील सर्वोत्तम खेळाडू खेळतात. तिथली हवा थंड आहे म्हणाल, तर अमेरिकेतील पाइनहर्स्ट घ्या. तिथे हरळीच्याच कुळातले गवत आहे. २०१०-११ मध्ये तिथल्या ‘नंबर दोन’ नावाच्या मैदानावरील तुषार-सिंचनाची तोंडे सुमारे ११५० वरून ४५० वर आणली गेली आणि २०१४ ची यूएस ओपन स्पर्धा तिथेच झाली. ग्रीन आणि टी (पहिला फटका मारायची जागा) यांचे पाणी तोडा, असे मी म्हणत नाही.

जुना ग्रीनकीपर

आपला हिशेब बिनचूक आहे, निष्कर्ष मात्र चुकीच्या ऋतूवर बेतलेला आहे. तीस वर्षे मैदाने सांभाळल्यावर सांगतो, की आपल्याकडे हिरवळीचा खरा कसोटीचा काळ उन्हाळा नसून पावसाळा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, हरळीला सावली अजिबात सोसत नाही, काळ्या मातीत यंत्र घातले तर चाकोऱ्या उमटतात आणि न घातले तर गवत घोट्यापर्यंत वाढते. त्यातच बुरशी येते. पावसाळ्याचे हे महिने गवत मार्च ते मे या काळात कमावलेल्या मुळांच्या जोरावर काढते. कडक ऊन हाच हरळीचा वाढीचा हंगाम आहे, म्हणूनच पोकळ खिळ्यांनी छिद्रे पाडणे, वाळू पसरणे, दाटलेले गवत विरळ करणे ही कामे आपण तेव्हा करतो, कारण जखमा तेव्हाच लवकर भरतात. नेमके त्याच वेळी पाणी तोडायचे म्हणजे पैलवानाला कुस्तीच्या आधी दोन महिने उपाशी ठेवायचे.

सेंट अँड्र्यूजबद्दल अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथे हिवाळ्यात, गवताची वाढ थांबलेली असताना, फेअरवेवरचा चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो आणि एरवीही तिथले ‘ओल्ड कोर्स’ हे मुख्य मैदान रविवारी खेळासाठी बंद असते. अमेरिकेतील ऑगस्टाचे मैदान तर मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत बंदच ठेवतात. गवताला झोपू द्यायचे असेल, तर त्याच्या अंगावरून खेळाडूंच्या गाड्या फिरवणेही थांबवावे लागते; आपले सभासद त्याला तयार आहेत काय?

चौथा होल

वार्षिक वर्गणी बारा महिन्यांची भरून दोन महिने माळावर खेळायचे, हे मला पटत नाही.

वखरपाळी

मी गोल्फ खेळत नाही. बार्शीकडे शेती करतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा या तणांनी आमच्या तीन पिढ्या वखराला जुंपल्या, त्यामुळे जिला आम्ही नांगरट करून, काशा (जमिनीतले दांडे) वेचून, वैशाखाच्या उन्हात तापवून मारतो, तिला कोणी पाणी घालून जगवतो, हे वाचून क्षणभर गंमत वाटली. अनुभव असा, की नांगर न लागलेल्या रानातील हरळी नुसत्या दुष्काळाने कधी मरत नाही. १९७२ लाही मेली नव्हती, असे वडील सांगत. मात्र जिथे ती विरळ होते तिथे पहिल्या पावसाबरोबर लव्हाळा घुसतो आणि त्याच्या गाठी एकदा जमिनीत बसल्या की पुढची दहा वर्षे त्याचीच असतात. मैदानाच्या कडेला कडुनिंब-बाभळी असतील, तर वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी त्यांवर भुंगेरे जमतात का तेही पाहावे, कारण त्यांचीच अळी, म्हणजे हुमणी, पुढे गवताची मुळे खाते.

माळरान

गाड्यांचा मुद्दा मान्य आहे. मूळ प्रस्तावात तो नव्हता ही माझी चूक. त्या दोन महिन्यांत गाड्या फक्त पक्क्या वाटेवरून न्याव्यात. मुळांबाबत मात्र मी सहमत नाही. आज आपण रोज संध्याकाळी थोडे थोडे शिंपडतो, त्यामुळे मुळे वरच्या दोन इंचांतच रेंगाळतात. मार्चमध्येच आठवड्यातून एकदा खोलवर पाणी देऊन मग हळूहळू तोडले, तर मुळे पाण्याच्या शोधात खाली जातील. छिद्रे पाडायची ती ग्रीनवर पाडा, तिथे पाणी आहेच.

टाकीवाला

सांडपाणी प्रक्रिया करून वापरले, तर हा वादच उरत नाही. पिण्याचे पाणी कोणीच मैदानावर ओतू नये.

जुना ग्रीनकीपर

वाद उरतो, टाकीवाले. प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्षार असतात आणि उन्हाळ्यात ते खाली धुवून न्यायला पाऊस नसतो; सोडियम साचले की काळी माती आणखी चिकट होते, मग जिप्समची पोती आणि वर आणखी पाणी. वापरावे जरूर, पण माती-परीक्षण दरवर्षी करावे. ‘माळरान’ यांचा रोजच्या शिंपडण्यावरचा आक्षेप रास्त आहे, आम्ही ते शिंपडणे सभासदांच्या डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणूनच करत होतो. तरीही बारा हेक्टरांवर एकदम प्रयोग नको. पक्की वाट शेवटपर्यंत आहे असे दोन फेअरवे निवडा, मार्चपासून आपण म्हणता तसे करा, आणि सप्टेंबरअखेर प्रत्येकी दहा ठिकाणी एक चौरस मीटरची चौकट टाकून लव्हाळा मोजा. मोजायला मी स्वतः येईन. ‘वखरपाळी’ आले तर उत्तम, लव्हाळ्याची ओळख त्यांना माझ्याहून जास्त आहे.