'मिलियन्स'मधला धाकटा भोळा की थोरला शहाणा?

पाचपाखाडीकर: रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना डॅनी बॉइलचा 'मिलियन्स' (2004) दाखवला. आई गेलेली दोन भावंडं. रुळांलगतच्या धाकट्या डेमियनच्या खोक्यांच्या घरावर नोटांची बॅग येऊन आदळते. पौंड जाऊन युरो येणार, म्हणजे पैसे लगेच संपवायला हवेत. धाकट्याला गरिबांना वाटायचेत, थोरल्या अँथनीला गुंतवायचेत. सिनेमा गोड आहे, पण डेमियनचं एवढं कौतुक कशाला? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! पोरांनी अँथनीकडून शिकावं.

घोडबंदरची मावशी: काका, पैसे चोरीचे आहेत हे त्याला कुठे ठाऊक होतं? देवानेच पाठवले असं तो धरून चाललेला. आणि तुमचा शहाणा अँथनी काय करतो? शाळेतली पोरं पैसे देऊन दिमतीला ठेवतो, कुठे अडलं की 'आमची आई वारली' म्हणून समोरच्याला विरघळवतो. ते शिकवायचं?
डेमियनला ख्रिस्ती संत दिसतात ना, त्यातल्या सेंट पीटरचा प्रसंग नीट पाहिलात का? बायबलमधल्या येशूच्या गोष्टीत पाच पाव आणि दोन माशांत हजारो लोक जेवले, त्यात चमत्कार नव्हताच म्हणतो तो. एका पोराने आपलं होतं ते पुढे केलं, ते बघून बाकीच्यांनी लपवलेलं खाणं हळूच बाहेर काढलं. माझ्या मते सगळा सिनेमा त्या दोन मिनिटांत आहे.

कळव्याहून: ब्रिटनने युरो कधी घेतलाच नाही, पण ती घाई आपल्याला सांगायला नको. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री सासूबाईंनी तांदळाच्या डब्यातून पाचशेच्या नोटा काढल्या, कोंडा झटकत. दानधर्म कुणाला सुचला नाही हो, सगळे रांगेत!

पाचपाखाडीकर: मावशी, प्रसंग छानच. पण तीन हात नाक्याच्या सिग्नलला नातवाने एकाला पन्नासची नोट दिली, तर काचेवर आणखी चार हात. आता काय करायचं?

घोडबंदरची मावशी: अहो, सिनेमातही तेच होतं की! दारात मागणाऱ्यांची झुंबड उडते, शेजारचे धर्मप्रचारक मिळालेल्या पैशांतून घरातल्या वस्तू घेतात. देणं सोपं आहे असं दिग्दर्शक म्हणतोच कुठे?

कळव्याहून: नातवाला विचारलंत का, नोट का दिली ते?

पाचपाखाडीकर: विचारलं. म्हणाला, "आजोबा, सुट्टे नव्हते."