डीओ म्हणजे हाडवैद्य नव्हे

"डीओ म्हणजे हाडवैद्यच ना? एमडीला नंबर नाही लागला की तिकडे जातात," असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितेय. लेक अमेरिकेत डीओच्या (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे एमडी आणि डीओ या दोन्ही डॉक्टर होण्याच्याच पदव्या. आधी माझाही हाच समज होता!

इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ (हातांनी हाडं-स्नायूंवर उपचार करणारा) एमबीबीएससारखा डॉक्टर नसतो, गोंधळ तिथून होतो. अमेरिकेतला डीओ औषधं लिहून देतो, सर्जनही होतो. 2020 पासून रेसिडेन्सीचा (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) मॅचही, म्हणजे जागांचं वाटपही, एमडींबरोबर एकत्रच होतो.

एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा डीओलाही लागते. अर्ज बहुतेक ठिकाणी आकोमासवरून (डीओ कॉलेजांची सामाईक ऑनलाइन अर्जव्यवस्था), मे महिन्यात सुरू. जसे अर्ज येतात तशा जागा भरत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेच्या भरवशावर राहू नका. एखाद्या डीओ डॉक्टरबरोबर थोडे दिवस शॅडोइंग करा, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघा. काही कॉलेजं त्यांचं शिफारसपत्र मागतात, आणि मुलाखतीत "डीओच का?" हा प्रश्न ठरलेला.

नेहमीच्या मेडिकलच्या वर साधारण 200 तास हातांनी तपासायचं-उपचार करायचं शिक्षण. लॅबमध्ये एकमेकांवरच सराव. लेक सुट्टीत घरी आली की गिनिपिग तिचे बाबा: सतरंजीवर पालथे पाडून एकेक मणका चाचपत, "बाबा, मान सैल सोडा ना!" ते पाच मिनिटांत घोरायला लागतात.

खरी डोकेदुखी परीक्षांची. कॉमलेक्स ही डीओंची लायसन्सची परीक्षा सक्तीची, पण रेसिडेन्सीसाठी बरीच मुलं यूएसएमएलई ही एमडींची परीक्षाही देतात. म्हणजे अभ्यास थोडा जास्त आणि फी चक्क दोनदा.