मदत हवी आहे: पेनल्टी दिली, मग लाल कार्ड का नाही?

काल लेकीच्या शाळेची फुटबॉल मॅच होती. ती गोलकीपर. समोरची मुलगी एकटीच चेंडू घेऊन आली, ही तिच्या पायाशी झेपावली, पण हात चेंडूऐवजी घोट्याला लागला. रेफरीने पेनल्टी आणि पिवळं कार्ड दिलं. समोरचे पालक लाल कार्डासाठी ओरडत राहिले. पोरगी रात्री नीट जेवलीसुद्धा नाही.

2010 च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल हाताने अडवला, तेव्हा पेनल्टीसोबत थेट लाल कार्ड मिळालं होतं. चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न असेल तर 2016 पासून पिवळंच देतात, असं एकाने सांगितलं. हे फक्त पेनल्टी क्षेत्रातच लागू होतं का? आणि शालेय स्पर्धेत हे पिवळं पुढच्या मॅचलाही मोजतात का? शनिवारी सेमीफायनल आहे, त्याआधी तिला नीट समजावायचंय.