अनुभव धागा : कामावर जायची सायकल. काय बसवलं, काय ढिलं झालं, काय काढून टाकलं

गोदाकाठचा

नाशिकच्या भद्रकालीत एका दुकानाबाहेर काळी २८ इंची सायकल दिसली. पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला बाटली डायनॅमो, मडगार्डला खाली रबराचं फडकं, कॅरिअरवर स्प्रिंगचा चिमटा. सातपूरच्या शिफ्टला निघणाऱ्या सायकलींची रांग आठवली एकदम. तेव्हा हे सगळं सायकलीसोबतच यायचं. आता शोरूममधून निघते ती गिअरची सायकल म्हणजे नुसता सांगाडा. घंटी आणि रिफ्लेक्टर मिळाले की झालं. डबा, लॅपटॉप, पाऊस, अंधार हे सगळं आपलं आपण बघायचं.

म्हणून हा धागा. मापांसकट लिहा, 'मस्त आहे, घ्या' नको.

मी टायरपासून सुरू करतो. एमटीबीला (डोंगरी सायकलला) २६ × १.९५ चे जाड खवल्यांचे टायर येतात. डांबरावर घूं घूं वाजतात आणि पायातला जोर खातात. त्याच रिमवर १.५० किंवा १.७५ चा गुळगुळीत नक्षीचा टायर बसतो, सायकल निम्मी हलकी वाटते. फक्त इंचांवर जाऊ नका, टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी नंबर जुळवा : २६ ला ५५९, २७.५ ला ५८४, ७००सी ला ६२२ आणि काळ्या सायकलच्या २८ × १½ ला ६३५. हायब्रिडचा ७००सी टायर काळ्या सायकलीला बसत नाही तो या १३ मिलीमीटरमुळे.

हवा : ७० किलोच्या माणसाला ७०० × ३५ मध्ये ५० ते ६० पीएसआय, २६ × १.७५ मध्ये ४५ ते ५०. मागे पुढच्यापेक्षा पाच जास्त, कारण वजन मागे. टायरवर कमाल आकडा लिहिलेला असतो, त्याच्या वर नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी बघा. पंक्चर नसलं तरी ट्यूब हळूहळू हवा सोडतेच.

चेनऑइल

कॅरिअर. मागच्या एक्सलजवळ आणि सीटखाली फ्रेमला बोल्टची भोकं आहेत का, हे सायकल घेतानाच बघा. असतील तर एम५ बोल्ट, ४ ची ॲलन की. दोन्हीकडे वॉशर आणि आत नायलॉनवाला नट. साधा नट लावलात तर आपल्या रस्त्यांवर महिनाभरात निघून पडतो आणि कॅरिअर चाकावर बसतं. भोकं नसतील तर रबर लावलेले पी-क्लॅम्प मिळतात, पाइपच्या जाडीचे घ्या.

डिस्क ब्रेकवाल्यांनी लक्ष द्या : मागचा कॅलिपर (डिस्क दाबणारी पकड) बरोब्बर कॅरिअरच्या पायाच्या जागी येतो. पाय वाकवून बसवू नका, डिस्कसाठीचं बाहेर फाकलेलं कॅरिअर घ्या. एखाद-दुसरा सेंटीमीटर कमी पडत असेल तर स्पेसर आणि तेवढाच लांब बोल्ट.

सीटच्या दांडीला नुसता चिमटा मारून लटकणारं कॅरिअर असतं ते ऑफिससाठी घेऊ नका. वजन ठेवलं की डावी-उजवीकडे फिरतं.

अंबड_सेकंड_शिफ्ट

पंक्चरबद्दल. अंबड आणि सातपूरच्या आतल्या रस्त्यांवर काचेपेक्षा लेथच्या चिप्स जास्त. स्क्रॅपच्या टेम्पोतून सांडतात. कुरळा तुकडा टायरमध्ये शिरतो आणि बाहेरून दिसतच नाही. ट्यूबला पॅच मारला, दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. म्हणून ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट नाही, फडकं. जिथे अडकेल तिथे चिप. पकडीने बाहेरच्या बाजूने ओढा.

हायवेच्या सर्व्हिस रोडला दुसरा प्रकार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा. यांना टायर लायनर (टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी) बऱ्यापैकी अडवतो. लायनरची टोकं मात्र सँडपेपरने घासून गोल करा, नाहीतर तीच कड ट्यूब कापते.

सोबत ठेवायचं : एक ट्यूब, दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, आणि चाक नटचं असेल तर १५ चा पाना. रस्त्यावर पॅच मारत बसायचं नाही, ट्यूब बदला आणि पंचिंग गाठा. पॅच घरी. सोल्युशन लावल्यावर पूर्ण सुकून चमक जाईपर्यंत थांबा, मगच चिकटवा. ओल्यावर चिकटवलेला सुटतो.

मखमलाबादकर

आमच्याकडे बाभळीचे काटे 😑 चिप्स परवडल्या

नवशिका_नाशिकरोड

पंपाचं तोंड बसत नाहीये. माझा व्हॉल्व्ह बारीक आहे, वर पितळी स्क्रू. पेट्रोल पंपावर हवा मिळेल का?

चेनऑइल

तो प्रेस्टा. हवा भरण्याआधी वरचा स्क्रू सैल करून एकदा टोचा, फुस् आवाज आला की भरा, नंतर स्क्रू घट्ट. पेट्रोल पंपासाठी पितळी ॲडॉप्टर मिळतो, बारीकसा असतो, किल्लीच्या जुडग्यात ठेवा. पुढची ट्यूब घेताना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह घेता येईल, पण रिमचं भोक आधी बघा. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जात नाही. ८.५ मिमीचं भोक लागतं.

सिडकोवाली

सगळे बोल्ट-नटच लिहिताय. ओढणी, साडी, सलवार यांचं कोण लिहिणार?

दांडी खाली असलेली फ्रेम घ्या, पाय मागून टाकावा लागत नाही. पूर्ण चेनकव्हर गिअरच्या सायकलीला बसत नाही, म्हणून कपडे सांभाळायचे असतील तर सिंगल स्पीड किंवा हबच्या आतले गिअर. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या. तयार मिळाली नाही तर मडगार्डला बारीक भोकं पाडून नायलॉनची दोरी एक्सलपर्यंत पंख्यासारखी ओवायची. ओढणी चाकात गेली तर आधी गळा आवळतो, तेव्हा ती घरी निघतानाच कमरेला गाठ मारून.

डबा : पुढच्या बास्केटमध्ये तीन किलोच्या वर नको, हँडल जड होऊन वळताना ओढतं. रस्सा असेल तर बास्केटच्या तळाला फोमचा तुकडा आणि डबा उभाच. आडव्या बॅगेत आमटी नेणाऱ्यांनी कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवावीत.

मिसळपंथी

आमटी कशाला न्यायची, वाटेत मिसळ आहे की. नाशिकमध्ये सायकल हे मिसळीपर्यंत पोचायचं साधन आहे, ऑफिस हे निमित्त 😂

सिडकोवाली

दादा, तर्री पिऊन त्र्यंबक रोडचा चढ चढून दाखवा

पपयानर्सरी_सिग्नल

चढाचा विषय निघालाच आहे तर. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे शहरातून सातपूरकडे जाणं हे चढच. नजरेला सपाट वाटतो, पायाला कळतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तोही समोरून. सकाळी जायचा वेळ संध्याकाळच्या परतीपेक्षा जास्तच धरा.

सिंगल स्पीडवाल्यांना स्वस्तातला उपाय : पुढे ४४ दात आणि मागे १८ चा फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातांची चकती) असेल तर मागे २० चा टाका. २८ इंची चाकात ४४/१८ ला पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.४ मीटर जाते, ४४/२० ला ४.८. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग १९ वरून १७ वर येतो, एवढंच नुकसान. पण वाऱ्यात गुडघे वाचतात. चेन बहुधा तीच चालते, चाक ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमची एक्सल बसायची खाच) सहा-एक मिलीमीटर पुढे सरकवायचं. नदीकडून रविवार कारंजाकडे वर येणाऱ्यांनाही हेच सांगेन.

गिअरवाल्यांनी सिग्नलला थांबायच्या आधीच हलका गिअर टाका. उभ्या सायकलीवर डीरेलर (चेन सरकवणारा भाग) गिअर बदलत नाही. जोर लावत बदलला की चेन करकरते आणि दात झिजतात.

गोदाकाठचा

+१. आणि चढाचा दोष गिअरला देण्याआधी सीट बघा. निम्म्या लोकांची सीट खाली असते, थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत म्हणून. टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, ती बरोबर उंची. सीट वर घेतल्यावर थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसून टेकायचं नाही. दांडीवर कमाल उंचीची रेघ असते, ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर आली तर दांडी वाकते, कधी फ्रेमही तडकते.

गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. बहुतेकदा एवढंच असतं.

होळकर_पूल

पाऊस पाऊस पाऊस. नाशिकमध्ये चार महिने हाच विषय.

मडगार्ड टायरपेक्षा दहा मिमी रुंद हवा. एमटीबीला सीटखाली तिरका लावतात ते प्लास्टिकचं पातं निव्वळ शोभा. पाठ वाचते, पण पुढच्या चाकाचं पाणी थेट बुटात आणि चेनवर. पूर्ण मडगार्ड, पुढच्याला खाली फडकं, जमिनीपासून चार बोटं वर. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा सोडा. मळ्याकडून येणाऱ्यांनी दोन बोटं, काळी माती भरली की चाक जाम होतं.

चेन : भिजली की आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल वीसेक वेळा उलटं फिरवा, आणि बाहेरचं तेल परत पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल पातळ, दोन पावसात गायब. गंज काढायचा निळा-पिवळा स्प्रे हे चेनचं तेल नाही, तो आतलं तेलही धुऊन काढतो.

चेन संपली का हे पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यापासून १२ इंच मोजा. पिन बरोबर १२ वर आली तर नवी. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदला. १/८ गेली तर फ्रीव्हीलही गेला, आता दोन्ही घ्या.

नवशिका_नाशिकरोड

ब्रेक पावसात किंचाळतात. डिस्क नाही, रबरवाले.

होळकर_पूल

ब्रेकच्या रबरी गुटक्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकलं पाहिजे, मागचं एक मिमी लांब. बसवताना मागच्या टोकाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवा, ब्रेक दाबून धरा, ५ च्या ॲलनने आवळा, कार्ड काढा. गुटका टायरला घासतोय का तेही बघा, घासला तर टायरची कड कापून ट्यूब बाहेर येते. आणि गुटक्यात रुतलेले चमचमणारे कण पिनने टोकरून काढा, ते रिमचंच ॲल्युमिनियम आहे.

ओल्या रिमवर पहिला फेरा ब्रेक लागतच नाही. आधीपासून हलकं दाबून पाणी पुसून घ्यायचं, मग जोर.

डिस्कवाल्यांनी चेनचं तेल स्प्रेने मारू नये. डिस्कवर उडालं की पॅड गेले.

द्वारका_ते_अंबड

दिवे. पुढे पांढरा, मागे लाल आणि मागे दोन लावा, एक बंद पडला तर कळत नाही. मागचा सीटखाली लावू नका, कॅरिअरवर बॅग आली की झाकतो. कॅरिअरच्या मागच्या पट्टीला लावा. पुढचा दिवा खाली झुकवा, झोत आठ-दहा मीटरवर रस्त्याला टेकावा. समोरच्याच्या डोळ्यात मारून तो आपल्याला वाचवणार नाही.

इंदिरानगरच्या बोगद्यात दिवसाही लावा. उजेडातून आत शिरणाऱ्या गाडीवाल्याला पहिले दोन क्षण काही दिसत नाही.

बाटली डायनॅमो छान दिसतो, पण ओल्या टायरवर घसरतो. नेमका पावसात अंधार.

रेसर_हवाय

नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला दोघांच्या टीममध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तशी रोड बाइक घेऊन ऑफिसला गेलं तर काय बिघडतं? रोजचाच सराव होईल

चेनऑइल

बिघडत काही नाही, २५ मिमीच्या टायरला खड्डा लागला की ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. बऱ्याच रोड बाइकना कॅरिअरची भोकं नाहीत, मडगार्डला जागा नाही. लॅपटॉप पाठीवर, पाठ घामाने ओली. ३२ मिमी टायर मावणारी फ्रेम मिळाली तर घ्या.

पपयानर्सरी_सिग्नल

वजन नेणाऱ्यांसाठी अजून एक : मागच्या चाकाच्या तारा. नवी सायकल दोन-तीनशे किलोमीटर चालली की चाकाचा आऊट (डुगडुग) काढून घ्या आणि सगळ्या तारा सारख्या ताणायला सांगा. ढिली तार दर फेऱ्याला वाकते आणि हबपाशी जिथे वळते तिथेच तुटते. फ्रीव्हीलच्या बाजूची तुटली तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, त्यासाठी त्याच खाचांचा पुलर लागतो. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे तुमच्या फ्रीव्हीलचा आहे का, आधीच विचारून ठेवा.

अंबड_सेकंड_शिफ्ट

कुणी मोटर किट बसवणार असेल तर : २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. दुकानदार '३५० घ्या, काही होत नाही' म्हणतात, त्याला ही सूट लागू होत नाही. ३६ व्होल्ट १० ॲम्पिअर-अवर बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. हब मोटरला (चाकाच्या मध्यातली) टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल धरून ठेवणारी पट्टी, हवाच, नाहीतर एक्सल ड्रॉपआउटमध्ये फिरतो आणि वायर पिळून तोडतो. ॲल्युमिनियमच्या पुढच्या फोर्कमध्ये मोटर नको. वायर कनेक्टरच्या आधी खाली झोळ देऊन वर न्या, पाणी झोळातून गळतं.

मखमलाबादकर

कुलूप कुठलं? आमच्या कंपनीत सायकल स्टँड गेटबाहेर, वॉचमनकाका चहाला गेले की रामभरोसे

द्वारका_ते_अंबड

यू-लॉक. मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकात, शिवाय खांबालाही. केबल लॉक साध्या कटरने तुटतं. पुढचं चाक क्विक रिलीजचं (पान्याशिवाय हाताने सुटणारं) असेल तर तिथे ॲलन कीने सुटणारा स्क्यूअर (चाकातली आरपार दांडी) टाका. आणि काकांना चहा आत आणून द्या 😄

नवशिका_नाशिकरोड

डावं पायडल निघत नाहीये. पाना सटकतोय, जोर लावला तर अजूनच घट्ट.

चेनऑइल

थांबा, उलटं फिरवताय. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. १५ चा पातळ पाना घ्या आणि बसवताना आट्याला ग्रीस लावा.