काळी स्क्रीन: दोष लिनक्सचा की लाइटचा?

लातूरकर: काल एकानं लिहिलं, "लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर टिकत नाही. कर्नल अपडेट झालं की स्क्रीन काळी. गावाकडच्यांनी नादी लागू नये." डोकंच फिरलं. कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अहो, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असताना डीकेएमएसवाला, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधला जाणारा, ड्रायव्हर टाकला की पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते. तिथं 'एनरोल एमओके' करून, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवून, आधी ठेवलेला पासवर्ड द्यायचा. लोक घाईत 'कंटिन्यू' दाबतात. मग किल्ली नोंदलीच नाही तर कर्नल त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल आत घेईल कसं? काळी स्क्रीन आली तर ग्रबमध्ये (सुरुवातीच्या बूट मेनूत) 'ई' दाबा, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा (म्हणजे साध्या डिस्प्लेवर चालू होतं), मग एफ१०. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये 'डीकेएमएस स्टेटस' बघा. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) नसले तर मॉड्यूल बनतच नाही. यात लिनक्सनं काय घोडं मारलं?

जालन्याचा झेरॉक्सवाला: लिहिणारा मीच. फॉर्म भरायला पोरं दारात उभी, अन् मी 'ई' दाबत बसू? विंडोजवर सेटअप टाकलं, संपलं.

परभणीकर मास्तर: चोरीच्या विंडोजवर ना? तुमच्यासारख्यांच्या पेनड्राइव्हमधूनच आमच्या लॅबला व्हायरस आला.

झेरॉक्सवाला: मास्तर, लायसन्सचे पैसे तुमच्या पगारातून देता का? विषय ड्रायव्हरचा चाललाय.

नांदेडी: विषय लाइटचा आहे! माझं अपडेट निम्म्यावर असताना लाइट गेली. इनिटरामएफएस (बूटला लागणारी फाईल) अर्धवट, पॅकेजं अर्धवट. त्याला कोणता ड्रायव्हर काय करणार?

मास्तर: इन्व्हर्टर बसवा की.

नांदेडी: लाइटवरून इन्व्हर्टरवर जाईपर्यंत डेस्कटॉप रीस्टार्ट होतो, यूपीएसच पाहिजे. फुकट सल्ले देऊ नका.

मास्तर: आमच्याकडं एकदाही रीस्टार्ट झाला नाही. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका, लई शहाणे.

नांदेडी: अन् बॅटरी उतरलेली असली तर? उन्हाळ्यात या इकडं, मग बोला.

लातूरकर: लाइटचा वेगळा धागा काढा ना राव! झेरॉक्सवाले, कार्ड कोणतं?

झेरॉक्सवाला: जीटी ७१०. दुकानदारानं 'गेमिंग' म्हणून गळ्यात मारलं.

लातूरकर: मग तुमचं थोडं खरं. तुमचं कार्ड एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीतलं, त्यांना ४७० आवृत्तीच्या पुढं ड्रायव्हर नाही, नव्या कर्नलवर तो बांधताना अडतो. एनव्हिडियानं २०२२ ला कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, तोही ट्युरिंग या नंतरच्या पिढीसाठी अन् पुढच्यांसाठीच. तुम्ही तो ड्रायव्हर काढा, कर्नलमधल्याच खुल्या नूव्हो ड्रायव्हरवर राहा. फॉर्म अन् प्रिंटला रग्गड. नाहीतर इंटेल ग्राफिक्स आतच असलं तर कार्डच उपसा अन् त्यावर चालवा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

झेरॉक्सवाला: म्हणजे ड्रायव्हरचा इलाज ड्रायव्हर काढणं! धन्य. काढतो. नांदेडी, तेवढं यूपीएसचं मॉडेल पाठवा.