प्रतिसाद: रात्रीची रोझरी उरकल्यासारखी होते

एका घरची तक्रार आहे की रात्री साडेनऊला रोझरीची (कॅथलिक घरात म्हणतात ती जपमाळेची प्रार्थना) पाच रहस्यं, म्हणजे येशू-मारियेच्या जीवनातले पाच प्रसंग, म्हणताना मुलं पेंगतात आणि मोठ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. मुळात वेळ चुकतेय. जेवून पोट जड झाल्यावर गुडघे टेकवले की डुलकी येणारच, म्हणून प्रार्थना ताटं मांडायच्या आधी घ्या.

पूर्ण रोझरीत ५३ 'नमो मारिया' (मारियेला केलेली छोटी प्रार्थना) येतात. सावकाश म्हटलं तर वीस मिनिटं सहज जातात. लहान मुलं असतील तर एकाच दशकापासून सुरुवात करा: एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मारिया, एक त्रित्वाची स्तुती. चार मिनिटांचं काम. सोमवार ते शुक्रवार रोज एक रहस्य घेतलं तर आठवड्यात एक संच पूर्ण होतो.

घाई नेमकी कुठे शिरते? जोडावर. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणणाऱ्याचा शेवटचा शब्द संपायच्या आत बाकीचे दुसरा अर्धा, 'पवित्र मारिये', सुरू करतात, मग त्यालाही पुढच्या वेळी पळावं लागतं. तिथे एक श्वास थांबा. रहस्य जाहीर केल्यावर शुभवर्तमानातली दोन-तीन वचनं वाचा (मारिया अलिशिबेला भेटते त्यासाठी लूक १:३९ पासून) आणि थोडं गप्प बसा. ही शांतता पहिल्या आठवड्यात अवघड वाटते, मुलं खुदखुदतात. हसू द्या.

मेणबत्ती पेटवणं मुलांकडे, मोबाइल दुसऱ्या खोलीत. विनंत्या प्रत्येकी एकच वाक्य. नाहीतर आजोबांचं प्रवचन सुरू होतं!