मासा राहू दे, सोयाबीन उपटा
क्लाउनफिश मासा आणि समुद्रपुष्प नावाचा समुद्री प्राणी यांचं उदाहरण देऊनही सहजीवन (दोन वेगळ्या जातींच्या जिवांनी एकत्र जगणं) मुलांच्या डोक्यात शिरत नाही, अशी तक्रार एका शिक्षकानं केलीय. शिरेल कसं? आमच्या कोरेगावकडच्या निम्म्या पोरांनी समुद्रच बघितलेला नाही. मी सरळ रानात नेतो. सोयाबीन फुलोऱ्यात असताना एक झाड खुरप्यानं माती सैल करून काढायचं (हिसका दिला तर गाठी मातीतच राहतात). मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी-लाल दिसलं की गाठीतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत. तो रंग आपल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतला! जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाच्या उपयोगी करून देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. एक पोरगी पटकन म्हणाली, "म्हंजे पैरा की, सर!" (पैरा म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबणं.) मग म्हशीमागं फिरणारा गायबगळा निघाला. बगळ्याला किडे मिळतात, पण म्हशीला काय? त्या भांडणातच तास संपला.